भरतीची पोरं, जिममधलं इंजेक्शन आणि घरचे: आमच्याकडं जे झालं ते लिहितेय

पंचगंगेकाठची (सोमवार, रात्री ११.२०)

धाकट्या भावाचे पळायचे बूट धुवायला घेतले आणि उजव्या बुटात, मोज्यात गुंडाळलेली काचेची बाटली हाताला लागली. बोटाच्या दोन पेरांएवढी, रबरी बुचाची, निम्मी रिकामी. लेबल नखानं खरवडलेलं. सोबत इन्शुलिनच्या २ सिरिंज, एकीच्या सुईला टोपण नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, याला शुगर निघाली आणि आमच्यापासून लपवतोय. बाटलीचा फोटो काढून ओळखीच्या मेडिकलवाल्या दादांकडं गेले. त्यांनी उरलेली अक्षरं जुळवली आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे शुगरचं न्हवं. मेफेंटरमाईन आहे. घरात कोण घेतंय?"

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. पप्पा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, मी एका पतसंस्थेत. भाऊ २२ वर्षांचा, दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं आहे. ज्यांच्या घरात भरतीचं पोरगं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मैदानीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. पहाटे साडेचारला पळायला, संध्याकाळी जिम. मागच्या खेपेला थोडक्या सेकंदांनी गुण गेले, तेव्हापासून घड्याळ सोडून त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. जिममध्ये कुणीतरी सांगितलं, "एक टोच आणि पळून बघ, दमच लागत न्हाई."

आता मागं वळून बघितलं की सगळं दिसतं. रात्री दोन वाजता गाडी पुसत बसायचा. जेवताना जबडा हलत राहायचा, दात करकर वाजायचे. रविवारचं मटण ताटात तसंच. तांबडा रस्सा दोन वाट्या ओढणारं पोरगं भाकरीचा तुकडा चिवडत बसायचं. मग दोन-तीन दिवस न झोपता काढले की शनिवारी रात्री जो आडवा व्हायचा तो रविवारी दिवे लागल्यावर उठायचा. आई म्हणायची, "दमतंय पोरगं, झोपू दे."

बाटली सापडल्यावर आम्ही काय केलं तेही लिहिते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. पप्पांनी कानाखाली काढली. मी मोबाईल काढून घेतला, गाडीची किल्ली लपवली. आईनं अंबाबाईची शपथ घालायला लावली. त्यानं घेतली, आणि दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला. चार दिवसांनी परत आला तेव्हा डाव्या कोपराच्या खोबणीत लिंबाएवढं गळू होतं, हात वाकत नव्हता, अंगात ताप. त्या रात्री त्याला रागवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, आणि खरी गोष्ट तिथून पुढं सुरू झाली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. याच्यावर नेमका उपचार काय असतो? कुठं न्यायचं? आणि तिसरी, जी विचारायला जीभ रेटत नाही: तो सोडायला अजून तयार नाही. निम्मा तयार आहे म्हणूया. मग तोवर आम्ही काय करायचं? नुसतं वाट बघत बसायचं?

औषधवाला (सोमवार, रात्री ११.५५)

ताई, माझं मेडिकल आहे, उपनगरात. हे औषध मुळात भूलतज्ज्ञांचं. कमरेत भूल दिली की काही पेशंटचं बीपी एकदम खाली येतं, ते वर आणायला ऑपरेशन थिएटरमध्ये देतात. मॉनिटर लावलेला, डॉक्टर उशाशी उभे. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन साठवलेलं असतं, ते हे औषध बाहेर सोडायला लावतं, त्यामुळं हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. साठा संपत आला की तेवढ्याच डोसला तेवढा परिणाम येत नाही. म्हणून ही पोरं वाढवत जातात. पहिल्या महिन्यात ज्यावर भागतं त्यावर तिसऱ्या महिन्यात काहीच होत नाही.

यानं स्नायू वाढत नाहीत. ते प्रोटीन नाही, स्टेरॉइडही नाही. थकवा कळू देत नाही, एवढंच. पोरांना वाटतं ताकद आली.

एक गोष्ट मनात सलतेय ती इथं लिहितो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे इंजेक्शन मी कधी दिलं नाही आणि देणार नाही. पण गेल्या वर्षी दोन पोरं नुसत्या सिरिंज मागायला आली होती. नवी सिरिंज विकायला चिठ्ठी लागत नाही. तरी मी त्यांना चार शब्द सुनावून हाकललं. पुढं त्यातल्याच एकाच्या भावानं सांगितलं, एकच सिरिंज चौघांनी वापरली होती. मी इंजेक्शन थांबवलं नाही, स्वच्छ सुई तेवढी थांबवली.

शाहूपुरी_४थी_गल्ली (मंगळवार, सकाळी ७.१०)

ताई धीर सोडू नका. आमच्या गल्लीत दोन पोरं आहेत अशी. वाचतोय.

निवृत्त सिस्टर (मंगळवार, सकाळी ९.३०)

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. ताई, आधी गळू. घरी दाबायचं नाही, गरम सुई लावायची नाही, हळदीचा लेप लावून थांबायचं नाही. ताप आहे म्हणजे जंतू रक्तात जाऊ शकतात, तिथून हृदयाच्या झडपेपर्यंत जातात. आजच्या आज सर्जनला दाखवा. डॉक्टरांना खरं सांगायचं, "इंजेक्शन टोचत होता." मुलगा संकोचत असेल तर तुम्ही सांगा.

दुसरं. तुम्हाला सापडली तसली बाटली एकाची नसते, हे मी अनुभवानं सांगते. वर्गणी काढून घेतात. पोरं म्हणतात, "आमची सिरिंज वेगवेगळी हाय." पण वापरलेली सिरिंज पुन्हा त्याच बुचातून आत गेली की बाटलीतलं सगळं औषध बाटतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातही कित्येक दिवस तग धरतो. म्हणून त्याला तीन तपासण्या लागतील: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते, नाव बाहेर जात नाही. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, ती सोय आहे. आज निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची. सुई वाटून घेऊन अजून ७२ तास झाले नसतील तर एचआयव्ही रोखायची औषधं महिनाभर घेता येतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी. बीवर लस आहे: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. सीवर लस नाही, पण उपचार आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. बहुतेकांचा १२ आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स असतो आणि बहुतेक पूर्ण बरे होतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तो विचारायला लाजू नका, सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. सोडेपर्यंत जिवंत राहिला पाहिजे. त्याला शांतपणे बसवून सांगा: घेऊ नकोस असंच आमचं म्हणणं आहे, पण घेतलंसच तर दुसऱ्याची सुई नाही, दुसऱ्याची बाटली नाही. एकट्यानं बंद खोलीत नाही. दारूबरोबर नाही. घेऊन पळायचं तर मुळीच नाही, तापलेलं अंग आणि धावणारं हृदय एकत्र आलं की माणूस मैदानावरच कोसळतो. मधल्या दिवसांत जेवण, पाणी, झोप. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचं, म्हणजे आईच्या किंवा कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला लागणार नाही.

आणि छातीत दुखलं, श्वास लागला, एका बाजूची ताकद गेली, फिट आली, अंग तव्यासारखं तापलं, तर १०८. याच्यावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नसतं. अफूच्या नशेवर नॅलोक्सोन आहे, तसं यावर काही नाही. डोकं शांत करायचं, अंग थंड करायचं, हृदय सांभाळायचं, आणि ते दवाखान्यातच होतं.

लाल माती (मंगळवार, दुपारी १.१५)

सिस्टर, तुमचा मान राखून बोलतो. मी १४ वर्षं तालमीत काढलीत, खासबागेत कुस्त्या केल्यात, आता शाळेत खेळाचा शिक्षक आहे. "घेतलंसच तर असं घे" ही भाषा माझ्या पचनी पडत नाही. पोरगं चोरून घेत होतं, उद्या आईसमोर घेईल. तालमीत वस्ताद सांगायचे, एकदा मुभा दिली की शिस्त गेली. पोराला सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, नाद सुटंल.

पोरांना मात्र एक गोष्ट सांगायला पाहिजे. थकवा हा शत्रू नाही. थकवा म्हणजे वस्तादानं मारलेली हाक आहे, "थांब आता." १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन नावाचा इंग्लिश सायकलपटू मॉं व्हाँतूच्या चढावर भर उन्हात कोसळून मेला. अंगात अँफेटामिन आणि दारू सापडली. शरीर थांब म्हणत होतं, त्याला ते ऐकूच आलं नाही. मेफेंटरमाईन त्याच घराण्यातलं आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धेवेळी बंदी असलेल्या उत्तेजकांत त्याचं नाव आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि झोप यावर इथं हिंदकेसरी झालेत.

गल्लीतला एक (मंगळवार, रात्री १०.४०)

लाल माती सर, तुमच्यासारख्या माणसानं माझ्या हातात वेळेवर कुस्तीचा लंगोट दिला असता तर बरं झालं असतं. पण मी दुसऱ्या बाजूनं बोलतो.

मी एमडी घ्यायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमडी म्हणजे मेफेड्रोन. पुण्यात नोकरीला असताना सुरू झालं, राजारामपुरीत परत आलो तर इथंही मिळत होतं. लोक म्हणतात मुंबई-पुण्याचं खूळ. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीत, एमडी बनवायचा कारखाना मुंबई पोलिसांनी धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांची कारवाई दौंडजवळच्या कुरकुंभवरून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आली. आपल्या अंगणात आहे हे.

त्याची गोष्ट अशी की नशा लवकर उतरते आणि उतरायला लागली की लगेच पुन्हा हवी वाटते. एका रात्रीत किती वेळा घेतलं याचा हिशेब राहत नाही. नाकातून घेताना आम्ही एकच गुंडाळलेली नोट फिरवायचो. नाकातलं रक्त त्या नोटेला लागतं आणि त्यातूनही हिपॅटायटिस सी होतो, हे मला उपचाराला गेल्यावर कळलं. कुणी आधी सांगितलं असतं तर मी नशा सोडली असती का? नाही. नोट मात्र नक्की वेगळी घेतली असती.

आणि नशा उतरल्यावरचे दिवस. ते घरच्यांना माहीत पाहिजेत. दोन दिवस नुसती झोप आणि भूक. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जे येतं त्याला मला शब्द नाही. आईनं केलेली आमटी जिभेला कळत नव्हती. रंकाळ्यावर संध्याकाळी बसलो होतो, समोर ऊन पाण्यात उतरत होतं, पोरं भेळ खात होती, आणि मला वाटत होतं मी काचेच्या मागं बसलोय. जीव द्यावा असं त्याच आठवड्यात वाटलं. नशेत असताना कधी वाटलं नव्हतं. म्हणून ताई, तुमचा भाऊ "सोडलं" म्हणेल ना, त्या पहिल्या पंधरा दिवसांत त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना वाटतं, सुटलं, सुटकेचा श्वास टाकूया. खरा धोका तेव्हाच असतो.

मी पहिल्या झटक्यात सोडलं नाही. आधी रोजचं आठवड्यावर आलं. मग महिन्यावर. त्या वर्षभरात माझा एक मित्र मला रोज रात्री फोन करायचा, "जेवलास का?" एवढंच विचारायचा. नशेबद्दल चकार शब्द नाही. सर, त्यानं मला मुभा दिली नव्हती. त्यानं दार उघडं ठेवलं होतं. आता चार वर्षं झाली.

इचलकरंजीकर बाप (बुधवार, पहाटे ५.०५)

केंद्रात टाका म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. मी टाकला होता. गावाचं आणि केंद्राचं नाव लिहीत नाही.

पॉवरलूमवर रात्रपाळी करून पैसे साठवले होते, तीन महिन्यांचे आगाऊ भरले. रात्री गाडी आली, चौघांनी पोराला उचलून नेलं. महिनाभर भेटू दिलं नाही, फोन दिला नाही. "भेटलात तर बिघडेल," म्हणाले. मी विश्वास ठेवला. भेटलो तेव्हा पोराच्या घोट्याला साखळीचा वळ होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन जायचा, मानसोपचारतज्ज्ञ कुणी बघितलाच नव्हता. तिथून आल्यावर आठव्या दिवशी त्यानं पुन्हा घेतलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं ते अजून सुरळीत नाही. नशेपायी गेलं त्यापेक्षा जास्त माझ्या त्या निर्णयापायी गेलं असं मला वाटतं.

ताई, तुमच्या वडिलांना सांगा, एका बापानं सांगितलंय म्हणून सांगा.

वकीलवहिनी (बुधवार, सकाळी ११.००)

दादा, तुमचं वाचून हात थांबला होता. त्यात तुमचा दोष नाही, लोकांना कायदा कुणी सांगतच नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेला आजार मानसिक आजारात धरलाय. म्हणजे अशा पेशंटला दाखल करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. साखळीनं बांधायला कलम ९५ नं सरळ बंदी आहे. पेशंटला फोन करायचा, नातेवाइकांना भेटायचा हक्क आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर कलम ८९ आहे, त्यात दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि मुदत ३० दिवसांची. "बापानं सही केली" एवढ्यावर भागत नाही. केंद्र बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी मागा: नोंदणीचा कागद, मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी किती वेळ असतात, आणि पहिल्या आठवड्यात भेटू देणार का. तिसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं तर उठून या.

पोलिसांच्या भीतीनं लोक दवाखान्यात जात नाहीत, त्याबद्दल. एनडीपीएस कायद्यात, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो आणि ते पूर्ण करतो, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मेफेड्रोन २०१५ पासून या कायद्याखाली आहे. मात्र अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत, आणि मित्रांना वाटायला आणलेलं हे विक्रीत मोजलं जाऊ शकतं, हे पोरांच्या डोक्यात बसवा. दवाखान्यातली माहिती गोपनीय ठेवायलाही २०१७ चाच कायदा सांगतो. भरतीची चिंता असलेल्या घरांनी यासाठी तरी उपचार लांबवू नयेत.

लाल माती (बुधवार, दुपारी २.३०)

इचलकरंजीकर दादा, सहा महिने केंद्रात ठेवा हे मी लिहिलं होतं. शब्द मागं घेतो. साखळीचं वाचून जेवण गेलं नाही.

सुईचं मात्र अजून विचारायचं आहे. सरकार एका बाजूला पकडतं आणि दुसऱ्या बाजूला सुया वाटतं असं ऐकलंय, ते कसं?

समुपदेशक_सांगली-कोल्हापूर (बुधवार, रात्री ९.१५)

सर, वाटतं. लपूनछपून नव्हे, सरकारच्याच कार्यक्रमात. टोचून नशा करणाऱ्यांना नव्या सुया देऊन जुन्या परत घ्यायचं काम नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, प्रकल्पांतून देशात बऱ्याच वर्षांपासून चालतं. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात टोचून नशा करणाऱ्यांची संख्या साधारण ८.५ लाख धरली होती. सुया दिल्यानं नशा वाढत नाही, हे जगभर तपासून झालंय. सुई द्यायला जो कार्यकर्ता जातो त्याच्याशीच पुढं उपचाराचं बोलणं सुरू होतं. नवी सुई हे निमित्त, ओळख हा खरा माल.

ताई, तुमचा पहिला प्रश्न. उत्तेजकांच्या बाबतीत लोकांची मोठी निराशा होते कारण ते गोळी शोधतात. अफू, गर्द यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी बदली औषधं आहेत. मेफेंटरमाईन, मेफेड्रोन, कोकेन यांच्यासाठी तसं मान्यताप्राप्त औषध आजघडीला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मेथअँफेटामिन या उत्तेजकाच्या व्यसनावर नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपियन एकत्र देऊन बघितलं. औषध घेणाऱ्यांत १३.६ टक्क्यांना फायदा झाला, नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांत २.५ टक्क्यांना. म्हणजे काहीतरी आहे, पण शंभरातल्या फार तर चौदांना. झोप, नैराश्य, संशय, भास यांवर मात्र मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात आणि ती घ्यायचीच असतात. भास बहुतेकांचे सोडल्यावर काही दिवसांत, आठवड्यांत जातात, काहींचे रेंगाळतात. "कुणीतरी मागावर आहे" असं म्हणत असेल तर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. आवाज खाली, दिवा मंद, एकच माणूस जवळ, आणि डॉक्टरांना फोन.

सगळ्यात जास्त पुरावा ज्या पद्धतीचा आहे ती ऐकायला फार साधी आहे, बक्षिसाची. आठवड्यातून दोन-तीनदा लघवी तपासायची, नशा नसेल तर तिथल्या तिथं छोटं बक्षीस. चिठ्ठ्यांच्या बरणीत हात घालायचा, कधी शाबासकीची चिठ्ठी, कधी साबण, कधी मोठी वस्तू. सलग स्वच्छ आठवडे वाढले की चिठ्ठ्या वाढतात. चुकला तर बक्षीस नाही, ओरडाही नाही, पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत हे २०११ पासून चालू आहे. लोक म्हणतात, ही लाच झाली. पण विचार करा: नशेचं बक्षीस मिनिटात मिळतं आणि सोडल्याचं बक्षीस वर्षानं. या मेंदूला वर्ष दिसतच नाही. गल्लीतल्या एकानं काचेचं लिहिलंय ना, ते हेच. आनंद देणारी यंत्रणा रिकामी झालेली असते आणि ती भरून यायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तोवर छोटा, लगेच मिळणारा, हमखास आनंद बाहेरून पुरवावा लागतो. मी हे आपल्याकडच्या सरकारी केंद्रात तपासणीसकट पूर्ण चाललेलं पाहिलेलं नाही. पण त्यातलं तत्त्व घरी वापरता येतं.

त्याच्या जोडीला समुपदेशन, कुठल्या वेळी, कुठल्या माणसाबरोबर, कुठल्या मनःस्थितीत हात बाटलीकडं जातो हे त्याच्याच तोंडून काढायचं. भरतीच्या पोरांत ते बहुतेक "वेळ कमी पडला" या क्षणी असतं. म्हणून नशेबरोबर भरतीबद्दलही बोलावं लागतं.

कुठं न्यायचं: सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीपासून सुरुवात करा. राहून उपचार घ्यायचे ठरले तर पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. फोनवर बोलायचं तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन, आणि मन फारच खचलं, जीव द्यावासा वाटला तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, १४४१६, दिवसरात्र, मराठीत.

औषधवाला (गुरुवार, सकाळी १०.२०)

आमच्या भागातल्या चार दुकानदारांशी बोललो. इंजेक्शन चिठ्ठीशिवाय नाहीच. सिरिंज मागितली तर हाकलायचं नाही, आणि सोबत १४४४६ लिहिलेली चिठ्ठी द्यायची. एक जण तयार नाही, बाकीचे आहेत.

लाल माती (गुरुवार, संध्याकाळी ६.००)

शनिवारी माझ्या भरतीच्या बॅचला ४० पोरं येतात. नशा वाईट हे भाषण देणार नाही. १६०० मीटरच्या वेळेबद्दल बोलणार आहे: सहा महिन्यांत किती सेकंद प्रामाणिकपणे कमी होतात, आणि एका भरतीत नाही झालं तर पुढच्या खेपेला काय. आणि कुणाच्या हाताला गळू असेल तर माझ्याकडं या, घरी सांगणार नाही, दवाखान्यात मी घेऊन जाईन. सिस्टर, त्या दिवशी अर्धा तास याल का? सुईचं तुम्हीच सांगा. मी मागं उभा राहीन.

निवृत्त सिस्टर (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)

येते. किती वाजता?

पंचगंगेकाठची (तीन आठवड्यांनी, रविवार रात्री ९.५०)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला.

गळू त्याच दिवशी फोडलं. सर्जनना मीच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एवढंच विचारलं, "किती दिवसांपासून?" भाऊ त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं होतं ते पोलिसांना फोन करतील. एचआयव्ही आणि सी निगेटिव्ह आलेत, तीन महिन्यांनी पुन्हा करायचेत. बीची लस सुरू केली.

ओपीडीत दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत आलाच नाही. मी आणि आई डॉक्टरांशी बोलून आलो. दुसऱ्यांदा स्वतः गेला, वीस मिनिटं आत होता. काय बोलला ते विचारलं नाही.

पप्पांना इचलकरंजीकर दादांचं मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ते उठून गॅलरीत गेले. दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली खुंटीवर लटकत होती.

बक्षिसाचं आम्ही आमच्या पद्धतीनं केलंय. तपासणीचं किट नाही, तो सांगेल त्यावर विश्वास. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चांगला दिवस गेला की तो स्वतः निळी टिकली लावतो. तीन टिकल्या झाल्या की त्याच्या आवडीचं काहीतरी, त्याच दिवशी: एकदा मिसळ, एकदा पायमोजे, एकदा पप्पा त्याच्याबरोबर पन्हाळ्याला गाडीवर जाऊन आले. चुकलं की टिकली नाही आणि कुणी काही बोलायचं नाही. हे न बोलणं आईला सगळ्यात जड जातं. ती पदर तोंडाशी धरून देवघरात जाऊन बसते, पण बोलत नाही.

२१ दिवसांत १६ टिकल्या आहेत. पाच मोकळ्या. त्यातल्या एका रात्री तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, घेतलंय. एकट्यानं नको बसायला." छातीत दुखतंय का विचारलं, नाही म्हणाला. श्वास बघितला, कपाळाला हात लावला, सिस्टरांनी सांगितलेलं सगळं एकेक करून बघितलं. मग पहाटेपर्यंत आम्ही गॅलरीत बसून जुन्या कुस्त्यांचे व्हिडिओ बघितले. पाणी पाजत राहिले. चारच्या सुमाराला शेजारच्या घरातलं भरतीचं पोरगं बूट बांधून खाली उतरलं. भाऊ ते बघत होता, पण उठला नाही.

या भरतीला तो उतरणार नाही असं त्यानंच पप्पांना सांगितलं. पुढच्या खेपेचं बघू, म्हणाला. लाल माती सर, शनिवारच्या बॅचला नुसता बसायला आला तर चालेल का? पळणार नाही, डॉक्टरांनी ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी होईपर्यंत नको सांगितलंय.

लाल माती (रविवार, रात्री १०.०५)

पाठवा. शिट्टी आणि स्टॉपवॉच त्याच्याकडं देतो. साडेपाचला शिवाजी स्टेडियमच्या गेटवर थांबतो.

पंचगंगेकाठची (रविवार, रात्री १०.१२)

सांगितलं त्याला. अलार्म लावतोय. बीच्या लसीचा दुसरा डोस त्याच आठवड्यात आहे, बुधवारी मी अर्धी रजा टाकलीय.